उत्तर चारपर्यंत पाठवा

आरोग्य केंद्रातल्या धम्मशीला सिस्टरनं आमदारांच्या कानावर घातलेली गोष्ट अखेर विधानसभेत प्रश्न होऊन पोचली. जिल्ह्याच्या साहेबांचा तसा फोन आला, तेव्हा तिला वाटलं, आता मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागेल.

"उत्तर तुमीच लिहायचं, ताई. आमी वर पाठवतो, मंत्रिसाहेब वाचतात. चारपर्यंत द्या."

फोन कानालाच धरून तिनं साहेबांकडून आलेला प्रश्नांचा कागद पुढं ओढला आणि पेन घेतलं.

(१) केंद्राची रुग्णवाहिका आठ महिने बंद आहे, हे खरे आहे काय?
हे खरे आहे.

(२) असल्यास, वेळेत परभणीस नेता न आल्याने प्रियांका या बाळंतिणीचा मृत्यू झाला, हेही खरे आहे काय?
हे खरे आहे.

(३) असल्यास, जबाबदार कर्मचाऱ्यावर कोणती कारवाई केली?

"सर, इथं काय लिहू?"

"तुमचं नाव. गाडी बंद पडली हे कळवायचं काम तुमचंच की."

"मी पाच पत्रं पाठवली व्हती, सर!"

"इथं एक बी सापडत न्हाई. पहिल्यालाच नाही म्हणा, पुढचं सगळं मिटतं."

चार वाजायच्या आत प्रियांकाची सासू दगडाबाई नातवाला लस द्यायला घेऊन आली.

"बाई, आमच्या सुनंचं इचारलं म्हणं मोठ्या सभेत?"

"इचारलं, मावशी."

"मग? काय म्हणलं सरकार?"

धम्मशीलानं टेबलावरचा कागद पालथा घातला. शाई अजून ओली होती.

(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.