लग्नातला चापान

अंदिजानच्या वाहन-अभियांत्रिकी संस्थेत एमटेकच्या परीक्षेची रीत होती: आपोआप थांबणारी गाडी बनवलीत, तर तिच्यासमोर घरचंच माणूस उभं करायचं. आज परीक्षा देणाऱ्या ओयदिनचे वडील लग्नातला चापान, म्हणजे पायघोळ झगा, घालून ऐटीत उभे राहिले. परीक्षक दोमलांनी चालकाच्या जागी मांडी घातली. “ब्रेकला पाय लावला, तर परीक्षा कसली?” चापान बघून ओयदिन धावत त्यांच्याकडे गेली. माणूस ओळखायला तिने कॅमेऱ्याला हजारो फोटो दाखवले होते, सगळे शर्ट-पँटवाले. “बाबा, चापान काढा.” “चारचौघांत? वेड लागलंय?” “कॅमेऱ्याला तुम्ही माणूस वाटलाच नाहीत, तर?” ती सगळ्यांदेखत म्हणाली. दोमलांचं हसू मावळलं. “मग आपल्या चापानवाल्यांच्या रस्त्यावर ही थांबणार कुणासाठी, ओयदिनजान?” तिने वडिलांच्या खांद्यावरून चापान उतरवला, अंगात घातला आणि त्यांच्या जागी उभी राहिली. गाडी निघाली. दोमलांनी हळूच मांडी मोडली, पाय ब्रेकवर ठेवला.