घनश्यामच्या हातची मासोळी

"बाबा, तो रुमाल मांडीवर ठेवाचा असते जी," चंदा हळूच म्हणाली.

बापूरावांनी पंख्यासारखा घडी घातलेला तो पांढराशुभ्र रुमाल उलटसुलट करून पाहिला. "एवढ्या चांगल्या कपड्याले हात पुसाचे?" असं म्हणून त्यांनी तो जपून बाजूला ठेवला आणि हात धोतरालाच पुसले.

एरवी चंदा हसली असती. पण तिचा जीव समोरच्या स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. त्या दाराला एक गोल काच होती आणि काचेमागे तिचा दादा होता.

चंद्रपुरात कारखान्यांच्या कामावर परदेशी साहेब आले, तेव्हा एका हौशी शेठनं त्यांच्यासाठी हे हॉटेल काढलं होतं. अर्धं फ्रेंच, अर्धं चिनी. भिंतीवर पॅरिसचा मनोरा, छताला लाल कंदील, ताटाच्या एका बाजूला काटे-चमचे आणि दुसऱ्या बाजूला लाकडी काड्या. फ्रेंच रांधायचा चंदाचा भाऊ घनश्याम, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात शिकून आलेला. चिनी रांधायचा लीभाऊ, कलकत्त्याहून आलेला म्हातारा. दोघं दिवसभर एकमेकांच्या भांड्यात चमचा घालून नावं ठेवायचे, घनश्यामचं लोणी फार, लीभाऊचं मीठ फार. साहेब लोक मात्र बोटं चाटत जायचे.

सहा वर्षांपूर्वी घनश्यामनं सत्यशीलाशी लग्न केलं. शाळेत शिकवणारी, गुणी पोरगी, पण बौद्ध घरातली. बापूराव पोंभुर्णा गावच्या ढिवर मासेमारांमधले मानाचे. चार लोक काय म्हणतील या धास्तीनं भला माणूसही कसा वेड्यासारखा वागतो पाहा. ते तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि ओंजळ सोडून बोलून गेले, "या पोराच्या हातचं खाईन, तर माह्यं जाळं रिकामं येईन."

तळ्यातली शपथ त्यांच्या घराण्यात कोणी मोडलेली नव्हती. ती मोडायची तर एकच वाट होती. त्याच हातचा घास पोटात जायला हवा, मग जाळ्याचं काय व्हायचं ते होवो. तोवर घनश्यामला घराचा उंबरा बंद.

आता फाल्गुनात चंदाचं लग्न होतं. भाऊ-वहिनी मांडवात नसतील तर आपण बोहल्यावर चढायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बापाशी भांडून झालं, रडून झालं. शेवटी तिनं हा घाट घातला. टेलिफोन ऑफिसातली नोकरी पक्की झाल्याचं निमित्त करून बाबांना इथं आणायचं, पोटभर जेवू घालायचं आणि मग सांगायचं की कोणी रांधलं. घनश्यामला हे सांगितलं तेव्हा तो "घेऊन ये त्यायले. बाकीचं मी पाहतो," एवढंच म्हणाला.

"कोणाले पाहून राह्यली वो घडीघडी?" बापूरावांनी विचारलं.

"कोणाले नाई जी." तिच्या हातातली काडी खाली पडली.

तिनं पुन्हा काचेकडे पाहिलं. उंच पांढरी टोपी घालून दादा भिंतीशी उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मोठे आचारी नुसता हुकूम सोडत असतील, असं तिला वाटलं. पण तो इतका निवांत कसा, याचा तिला रागही आला.

वाढपी श्रीहरी लांबट थाळी घेऊन आला. आल्याच्या बारीक चिरांवर वाफवलेली अख्खी मरळ, वरून लोणी-लिंबाचा पिवळा रस. बापूरावांनी मान वाकवून मासोळी न्याहाळली. मग त्यांची नजरही त्या गोल काचेकडे गेली आणि परत आली.

चंदाला वाटलं, आता हे उठणार, थाळी सरकवणार.

बापूरावांनी काटा बाजूला ठेवला. हातानं एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ते चावत राहिले. मग दुसरा तुकडा, तिसरा. थाळीत काट्यांचा सांगाडा उरला तेव्हा कुठे ते थांबले.

"बाबा, मले एक सांगाचं हाय," चंदा म्हणाली.

"राहू दे. बाप म्हातारा झाला, येडा नाई झाला. घनश्याम इथी रांधते, हे साऱ्या पोंभुर्ण्याले माहीत हाय."

चंदानं विचारलं, "मंग तुमी आले काऊन?"

"तू बोलावलं म्हणून. सहा वर्षं झाली, कोणी बोलावनच म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "पहिल्याच घासाले वळखलं मी. मीठ जास्त. लहानपनापासून त्याचा हात असाच. जाळं रिकामं येईन तर येऊ दे. जा, सांग त्याले. म्हणावं, बाप जेवला तुह्या हातचं. मोडली शपथ. सुनेले घेऊन मांडवात ये."

चंदा खुर्चीला अडखळत धावली. दार ढकलून तिनं दादाचा हात धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

घनश्याम स्टुलावर बसला. त्यानं टोपी काढली आणि तोंड झाकून घेतलं.

"आता काऊन रडतं दादा? जा ना भाईर, बाबा वाट पाहून राह्यले!"

त्यानं मान हलवली. शेगडीपाशी उभा असलेला लीभाऊ कढई पुसायची थांबला.

"बापाले फसवून त्याची शपथ कशी मोडू वो मी?" घनश्याम म्हणाला. "त्या मासोळीले मी बोटबी नाई लावलं. सारं लीभाऊनं रांधलं."