अंतराळात सात म्हणत नाहीत

जोडावरची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण फितीच्या कडेबाहेर ती अर्धा मिलिमीटरही आलेली नव्हती. जेमतेम सव्वा सेंटिमीटर रुंदीची फीत, तिच्यावर हाताने बसवलेला तुकडा, आणि तीस वर्षांत एक बुडबुडा नाही. तिने भिंगातून नीट पाहिलं आणि कॅसेट वडिलांच्या हातात परत दिली.

"बाबा, किती गेली होती फीत?"

"अंगठ्याच्या पेराएवढी." वडिलांनी जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले होते, मापं ते बोटांवरच सांगत. "यंत्राने चावून चोथा केला होता. कापली, जोडली. तुम्ही दोघांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं."

फीत सेकंदाला तेवीस मिलिमीटर सरकते, तिने मनात हिशेब केला. म्हणजे एक सेकंद. म्हणजे सात.

कॅसेटवरच्या अंतराळाच्या सिनेमात यान सुटताना उलटी मोजणी होती, आणि त्यांच्या कॅसेटमध्ये ती आठावरून थेट सहावर यायची. मध्ये नुसत्या पांढऱ्या रेघा. सात कुठे गेला, असं लहानपणी विचारल्यावर वडिलांनी शांतपणे सांगितलं होतं, "अंतराळात सात म्हणत नाहीत." पोरांनी ते प्रमाण मानलं. दुधाचा दात ओढताना, तलावात उडी मारताना, निकालाचं पाकीट फोडताना या घरात सात कुणी म्हटला नाही. आणि कुणी कच खाल्लीच, तर एकच प्रश्न: "कप्तान घाबरली होती का?"

सिनेमातली कप्तान घाबरली नव्हती. आठाला ती खुर्चीत ताठ बसलेली असे, सहाला तिचा हात दांड्यावर.

"लागलं, लागलं!" दादा टीव्हीमागून ओरडला. सिनेमाची नवी, साफ केलेली प्रत त्याने कुठून तरी मिळवली होती. त्याने दुपारचं ऊन अडवायला पडदे ओढले. "शास्त्रज्ञीणबाई, फोन उपडा ठेवा. पाचपर्यंत वेळ आहे ना?"

"पाचपर्यंत."

पाचपर्यंत जहाजाला उत्तर द्यायचं होतं. नऊ वर्षं ती प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याचा खारटपणा मोजत होती. बाटल्या भरून आणायचे दुसरे. संशोधन जहाजाच्या प्रमुख बाईंनी तिला अकरा महिन्यांच्या सफरीला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा हो म्हणायच्या क्षणी तिच्या पोटात गोळा आला. ज्याच्या पोटात गोळा येतो तो यातला नव्हे, असं धरून तिने नाही कळवलं. हे तिसरं बोलावणं होतं. चौथं येणार नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

"बघ बाई, जन्मभर समुद्र बाटलीतच बघ," दादा म्हणाला आणि त्याने सिनेमा सुरू केला.

पहिल्या दोन सुरांतच तिच्या अंगावर काटा आला. सगळं पाठ होतं. यंत्रमानवाची वाक्यं दादा त्याच्याआधी म्हणत होता. नवी प्रत इतकी स्वच्छ होती की परग्रहावरच्या डोंगराला पुठ्ठ्याची घडी दिसत होती, आणि त्यामुळे तो आणखीच आवडत होता.

"ते वेगाचं बटण इस्त्रीचं आहे," वडील पुढे सरकून म्हणाले. "तेव्हाच सांगितलं होतं मी."

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की आपली इस्त्री यानाची आहे."

"मग? खोटं काय त्यात?"

मोजणी आली तेव्हा तिघंही नकळत उभी राहिली होती. "दहा! नऊ! आठ! सहा!"

"सात," पडद्यावरचा आवाज म्हणाला.

पांढऱ्या रेघा आल्याच नाहीत. कप्तानचा हात दिसला. तो दांड्यावर नव्हता. उड्डाण रद्द करायच्या लाल बटणावर होता. बोटं थरथरत होती. मग ती बटणावरून उचलली गेली. एवढंच. एका सेकंदात याहून जास्त मावत नाही.

"मागे घे!" ती किंचाळली.

दादाने मागे घेतलं. पुन्हा थरथर. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून पाहत होती.

"अगं, ही तर सपशेल टरकलीय!" दादा म्हणाला.

"टरकलीय! आणि तरी जातेय!" ती हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

वडिलांनी हातातली कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. "मी म्हटलं, एक आकडाच तर जातोय," ते म्हणाले. "एका आकड्याने काय बिघडतंय."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने फोन सुलटा केला आणि नंबर लावला. पोटातला गोळा होता तिथेच होता. पलीकडे घंटी वाजू लागली.

"दहा," दादा हळूच म्हणाला. "नऊ."

"आठ," वडील म्हणाले. आणि दोघंही थांबून तिच्याकडे बघू लागले.

"सात," ती म्हणाली.

घंटी थांबली. "हं, बोल," बाईंचा आवाज आला. मागे वारा होता. "काय ठरलं? की याही वेळी तेच?"

"मॅडम, हात थरथरतोय माझा," ती म्हणाली. "मी येतेय."