गळ्यात अडकवलेला आवाज

"चहात साखर आहे की नुसती तिची आठवण?" म्हाताऱ्याने सुनेला विचारलं.

म्हणजे विचारलं कॉम्प्युटरने. म्हाताऱ्याचा आवाज दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजारासकट कापून काढला होता. पण गडी जातीचा लिलाव पुकारणारा. चाळीस वर्षं त्याने मोडकी कपाटं आणि बुडालेल्या बोटी विकल्या. तो पुकारायला लागला की पलीकडच्या गल्लीतलं गाढव मान हलवायचं, आणि बोली गाढवाच्या नावावर चढायची. शस्त्रक्रियेआधी लेकीने त्याला तीन दिवस बडबडायला लावलं, तो आवाज एका प्रोग्राममध्ये भरला आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दिला. म्हातारा टाइप करायचा, त्याचाच आवाज गरजायचा.

पेनड्राइव्ह दोरीने गळ्यात. पोस्टात, दवाखान्यात, वाचनालयात, दिसेल त्या कॉम्प्युटरला लावायचा आणि सुरू. इन्स्टॉल करायची भानगड नाही. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं गळ्यात," तो म्हणायचा. "येतो, बोलतो, जातो. मागे ठसासुद्धा ठेवत नाही."

एक गोष्ट मात्र प्रोग्रामला जमत नसे. शब्द पक्का करायचा असला की म्हातारा 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणायचा आणि ठोका स्वतःच्या मुठीने घालायचा. ठोका पडला की व्यवहार फिरत नाही, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शुक्रवारी त्याने मुलासुनेच्या देखत लेकीला फोन लावला. "पोरी, मला घेऊन जा. इथे भाताला आणि बोलण्याला, दोन्हीला कुलूप आहे. तुझ्याकडे आलो की घर तुझ्या नावावर करतो."

"नक्की ना बाबा? गेल्या वेळीही असंच म्हणालात आणि ऐनवेळी राहिलात. ठोका कुठाय?"

म्हाताऱ्याचे खांदे हसले. "गिऱ्हाईक दारात आल्याशिवाय हातोडा पडतो का कधी? रविवारी निघताना फोन कर. तेव्हा घालतो."

सुनेने चहात साखर घातली. चांगली दोन चमचे.

शनिवारी म्हातारा आंघोळीला गेला. पाण्याने बिघडेल म्हणून पेनड्राइव्ह तेवढ्यापुरता बाहेरच्या खुंटीला. परत येऊन गळ्यात घातला तर छातीला जरा कोमट लागला. उन्हाने तापला असेल, त्याला वाटलं. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं.

रविवारी सकाळी त्याने बॅग भरली, बूट घातले आणि खोलीचं दार ओढलं. दाराला बाहेरून कडी होती.

पलीकडे हॉलमध्ये फोन वाजला. मुलाने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबा, निघते आहे. सांगा आता काय ते."

मग दारापलीकडून म्हाताऱ्याला ऐकू आला म्हातारा.

"पोरी, येऊ नकोस," त्याचाच आवाज गरजला, तीच धार, तोच खर्ज. "मी रागात बोललो. मी इथेच राहणार. घरही इथेच राहणार."

म्हाताऱ्याचा हात छातीवर गेला. पेनड्राइव्ह जागेवरच होता. इन्स्टॉल करायला काही नव्हतंच की; फोल्डरची नक्कल उतरवून घेतली की झालं.

"बाबा?" लेक घुटमळली. "खरं सांगा. हे तुम्हीच बोलताय ना?"

हॉलमध्ये क्षणभर फक्त कीबोर्डची टकटक. दोन बोटांची, सावकाश. म्हाताऱ्याने तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसता वारा आला.

"एकवार," त्याचा आवाज म्हणाला. "दोनवार. तीनवार."

म्हाताऱ्याने सगळा जीव मुठीत आणला आणि ती दारावर आपटली.

"बरं बाबा," लेक म्हणाली. "ठोका पडला. आता मी काय बोलणार?"