टाकीवरचा मोर

“निम्मा मोर शाबूत हाय, मालक. तेवढा ठिवू का?” कल्याणप्पा पेंटरनं विचारलं.

बलभीमरावांनी मोटारसायकलची टाकी धोतराच्या फडक्यात गुंडाळून तामलवाडीहून तुळजापूरला आणली होती. तिच्यावरचं आठ वर्षांचं डांबर त्यांनी घरीच रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं होतं. चार दिवस लागले. नखं काळी पडली. डांबराबरोबर खालचा रंगही सुटत गेला. मोराची मान आणि पिसाऱ्याची एक बाजू तेवढी वाचली.

ते डांबर त्यांनीच ओतलं होतं. सिद्धेश्वरनं, त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, सोलापुरातून लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल आणली आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. तिथवर त्यांनी चालवून घेतलं. मग एक दिवस टाकीवर मोर दिसला. आठवडी बाजारात कुणीतरी हसलं, “बलभीमरावांचं पोरगं आता सरस्वतीवानी मोरावर बसून हिंडतंय.” ते बोलणं त्यांना झोंबलं. घरी येऊन त्यांनी डांबराचा डबा टाकीवर उपडा केला. सिद्धेश्वर चकार शब्द बोलला नाही. त्याच दिवशी घरातून गेला आणि फौजेत भरती झाला.

गेल्या साली मथुराबाई, त्यांची बायको, वारली. सिद्धेश्वर सरहद्दीवर होता. तार त्याला फार उशिरा मिळाली. आणि आता पत्र आलं होतं, आठ दिवसांच्या रजेवर येतो म्हणून.

‘चुकलो’ हा शब्द बलभीमरावांच्या जिभेला कधी वळला नव्हता. निदान टाकी तरी पोराच्या पुढ्यात नीट ठेवावी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

“हात कच्चा हाय,” कल्याणप्पा टाकी उजेडाकडं धरून म्हणाला, “पर काढणारानं लई जीव लावून काढलाय.”

“नगं. पार पत्र्यापस्तोर खरवड. नवाकोरा मोर काढ. पोरानं बघतच ऱ्हायला पायजे.”

कल्याणप्पानं खरवडला. वर देखणा मोर काढला, सोनेरी डोळ्यांच्या पिसाऱ्याचा.

सिद्धेश्वर आला. पाया पडला, पाणी प्याला आणि सोप्यात उभ्या केलेल्या मोटारसायकलीपाशी गेला. टाकीवर हळूच बोट फिरवत राहिला.

“ह्याच्याखाली जुना हाय का, आबा?”

“एक ठिपकासुदीक न्हाय. समदा खरवडून घेतला.” बलभीमराव पुढं झाले. “चुकलो रं पोरा. तुजा मोर म्या नासवला.”

सिद्धेश्वरनं बोट काढून घेतलं.

“माजा नव्हता, आबा. आईनं काढला हुता. तुमी रानात गेलात की बसायची. चार दुपारी लागल्या तिला.”

बलभीमराव टाकीवर वाकले. नव्या रंगाचा वास नाकात भरला होता.

“मग... मग तवाच का न्हाय बोललास?”

“बोलणार हुतो. तिनंच शपथ घातली. म्हणाली, त्यास्नी कळलं तर त्यांच्या जिवाला लई लागंल.”