धाकट्याचा स्टुडिओ

"आज तरी सांगून टाका," डबा हातात देताना बायकोने बजावलं. दादांनी मान हलवली. गेला आठवडाभर ते रोज नुसती मान हलवत होते.

सही होऊन गेली होती. स्टुडिओचे तुकडे पडले होते. शूटिंगचे दोन फ्लोर जाहिरातवाल्यांना, तिसरा गोदामाला, कॅमेरे ते भाड्याने देणाऱ्या एकाला, जुने सिनेमे एका वाहिनीला. हातात उरणार होती ती मूळची गाण्यांची कंपनी, तीही जेमतेम तग धरून. हे फक्त वकिलाला आणि बायकोला ठाऊक होतं. धाकटा भाऊ शूटिंगसाठी बाहेरगावी होता. तो आठवड्यापूर्वी परतला होता.

वडील गेले तेव्हा धाकटा सात वर्षांचा. दादांनीच त्याला लहानाचा मोठा केला. पोराने कधी काही मागितलं नाही. नवे बूट चावले तरी महिनाभर लंगडत शाळेत गेला, पण बोलला नाही. कॉलेज संपवून तो कंपनीत रेकॉर्डिंगला बसू लागला. एकदा जेवताना सहज म्हणाला, "आपल्या गाण्यांवर आपणच सिनेमा काढला तर?" दादांचा घास हातातच राहिला. महिन्याभरात त्यांनी शहराबाहेर जागा घेतली.

पहिल्या सिनेमाची गाणी घरोघरी वाजली. दुसऱ्याने तर कहर केला. एका शेडचे तीन फ्लोर झाले आणि धाकटा सगळ्यांचा 'साहेब' झाला. मग लोकांची आवड फिरली. एकामागून एक सहा सिनेमे आपटले.

दर वेळी दादा त्याच्या पाठीवर थाप मारत. "खचू नकोस. पुढचा काढ."

आणि धाकटा पुढचा काढायचा. केस पिकले, पोटात अल्सर झाला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर हा चौथ्या दिवशी सेटवर हजर. काय वेड आहे पोराला, दादांना भरून यायचं. या वेडापायी त्यांनी कंपनी पणाला लावली होती. आता लावायलाही काही उरलं नव्हतं.

दुपारी ते एडिटिंग रूममध्ये शिरले. धाकटा एकटाच होता, समोर कागदांचा गठ्ठा.

"ये दादा. चेहरा का उतरलाय?"

"काही नाही रे. दमलो."

"नवी कथा ऐकतोस? मधला भाग जरा ढिला आहे, पण..."

"राहू दे." दादा खुर्चीत बसले. पाय दुखत होते, कंबर दुखत होती. "राहू दे आता. स्टुडिओ विकला मी. सगळा. पुढच्या महिन्यात ताबा द्यायचाय."

धाकट्याने हातातला कागद खाली ठेवला.

"माझ्याकडून नाही झालं रे. आयुष्यात तू एकच गोष्ट मागितलीस, तीही मला टिकवता आली नाही."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे गदगदू लागले. दादा उठून त्याच्याजवळ गेले, लहानपणी थोपटायचे तसं त्याला थोपटू लागले.

"बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर."

धाकट्याने हात बाजूला केले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पोट धरून हसत होता.

"मी मागितली?" तो म्हणाला. "अरे दादा, तुझं मन मोडू नये म्हणून बारा वर्षं ओढतोय मी हे!"