मोठ्या बाईंचं बटण

एकदा रेकॉर्ड केलेलं काम आपोआप पुन्हा पुन्हा करणाऱ्या मॅक्रोचं बटण दाबताच शाळेच्या सहाशे बारा मुलींची प्रगतिपुस्तकं भरली. पण प्रत्येकीचं नाव रेवती भोईटे आणि प्रत्येकीला त्र्याण्णव टक्के. पहिल्या मुलीचं काम रेकॉर्ड करताना क्लार्क कुमुदने तिचं नावही रेकॉर्ड केलं होतं. हसून हसून कुमुदची पुरेवाट झाली.

हसणं ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून मटकन खाली बसल्या. "उद्या निकाल, आणि सगळी शाळा पहिली?"

"मोठ्या बाई, ही नुसती कॉपी आहे. मूळ फाईलला मी हातसुद्धा लावलेला नाही."

कुमुदने चूक दुरुस्त केली, नवी कॉपी घेतली. या वेळी चहा निवायच्या आत प्रत्येकीला आपापलं नाव आणि आपापले गुण मिळाले. दरवर्षी याच कामात चार दिवस जायचे.

मोठ्या बाईंना बावीस वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला. "मला दाबू द्या बरं एकदा."

'एकदा'चं सात वेळा झालं. आठव्यांदा त्या चक्क खुदकन हसल्या.

"खुशाल दाबा, बाई," कुमुद म्हणाली आणि मूळ फाईलचा पेन ड्राइव्ह तिने पदराच्या टोकाला घट्ट बांधला.